पार्टी 17 ऑगस्टला, पण निकाल मे महिन्यातच: फुके प्रकरण

फ्रान्सच्या चौदाव्या लुईची एक गोष्ट खूप जणांनी ऐकलेली असते. त्याच्या अर्थमंत्र्यानं नवीन बंगला बांधला, वास्तुशांतीला राजाला बोलावलं, राजा तो थाट बघून जळला आणि तीन आठवड्यांत मंत्र्याला आत टाकला. गोष्ट छान आहे, सांगायला पण सोपी आहे, फक्त ती खरी नाही. म्हणजे बंगला खरा, पार्टी खरी, अटक पण खरी, पण पार्टीमुळे अटक झाली हे काही खरं नाही. मी ऑडिटच्या लाईनमधला माणूस, त्यामुळे मला या प्रकरणात कारंज्यांपेक्षा हिशेबाच्या वह्यांमध्ये जास्त इंटरेस्ट आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

माणसाचं नाव निकोला फुके. जन्म 1615 चा, पॅरिसमधलं वकिली आणि सरकारी नोकरीवालं घराणं. 1650 मध्ये हा पॅरिसच्या पार्लमेंटचा सरकारी वकील झाला, म्हणजे आपल्या डोक्यातली संसद नाही हां, ते तिथलं सगळ्यात मोठं कोर्ट. आणि 1653 मध्ये आणखी एका माणसाबरोबर तो अर्थखात्याचा मुख्य झाला, 1659 ला तो दुसरा वारला, मग हा एकटाच. घराण्याचं चिन्ह खार, कारण पश्चिम फ्रान्सच्या बोलीत फुके म्हणजे खार, आणि खाली लॅटिनमध्ये ब्रीद, ज्याचा अर्थ साधारण "हा कुठवर चढणार नाही?" असा. आता एवढं ज्याच्या दारावर लिहिलेलं असतं त्याच्यावर लोकांचं लक्ष जाणारच ना.

आता त्या काळची फ्रान्सची तिजोरी कशी चालायची हे समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. स्पेनशी लढाई 1635 पासून चालू, ती संपली थेट 1659 ला. मध्येच 1648 ते 1653 घरातच बंड, सरदार आणि कोर्टवाले दोघंही राजाच्या विरोधात, लहानग्या लुईला रात्री पॅरिसमधून पळावं लागलं होतं. सैन्याला पगार द्यायचा आज, आणि शेतसारा येणार पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी. मग कर्ज काढायचं. पण राजाला कर्ज देणार कोण, राजा बुडवतो हे सावकारांना चांगलं माहीत होतं, 1648 ला त्यानं हात वर केलेलेच होते. त्यामुळे सावकार द्यायचे ते फुकेच्या नावावर, फुकेच्या शब्दावर, कधी त्याच्या बायकोच्या इस्टेटीवर. म्हणजे देशाचा खजिनदारच देशाला उसने देतोय आणि स्वतःच्या सहीनं परत घेतोय. आजच्या कुठल्याही ऑडिटरला हे वाचून घाम फुटेल.

त्यात आणखी एक भानगड. कायद्यानं व्याजाला मर्यादा होती, साधारण साडेपाच टक्के. एवढ्या व्याजावर लढाईच्या काळात कुत्रं सुद्धा पैसे देणार नाही, खरा रेट 15 टक्के आणि कधी त्याच्याही वर. मग फरकाची रक्कम कुठे दाखवायची? तर "राजाच्या हुकमानं रोख दिले, कशाला ते विचारू नये" अशा प्रकारची व्हाउचरं निघायची आणि त्यात ते जिरवायचे. राजानं सही केली की हिशेब तपासणारे गप्प. शिवाय खजिन्याच्या जुन्या चिठ्ठ्या, ज्यांचे पैसे कधीच मिळणार नाहीत म्हणून बाजारात कवडीमोलानं विकल्या जायच्या, त्या ओळखीचा माणूस विकत घ्यायचा आणि मग वरून सेटिंग लावून त्या चांगल्या वसुलीवर चढवून पूर्ण किमतीला वटवायचा. सगळे करायचे हे. फुकेनं पण केलं, त्याला मी धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही.

पण सगळ्यात मोठा हात कुणी मारला? मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ. हा 9 मार्च 1661 ला वारला तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे साडेतीन कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) निघाली, त्या काळातल्या फ्रान्समध्ये राजा सोडून कुणाकडे एवढं नव्हतं. आणि माझारँची ही खाजगी दौलत सांभाळणारा दिवाणजी कोण, तर ज्याँ-बातिस्त कोलबेर. कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातला, थंड डोक्याचा, राबराब राबणारा, चिन्ह साप. फुकेचं नंतर जेव्हा सगळं मोजलं तेव्हा मालमत्ता साधारण दीड कोटी आणि डोक्यावर कर्ज पण जवळपास तेवढंच. म्हणजे हा माणूस श्रीमंत दिसत होता, श्रीमंत नव्हता. दिसणं हेच त्याचं भांडवल होतं, सावकारांना विश्वास वाटावा म्हणून थाट लागायचा, थाटाला पैसे लागायचे, पैशाला आणखी कर्ज. हे चक्र ज्यानं जवळून बघितलंय त्याला फुकेचा राग येत नाही, पोटात गोळा येतो.

माझारँ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी 22 वर्षांच्या लुईनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता मुख्यमंत्री वगैरे कोणी नाही, मीच बघणार. दरबारी मनातल्या मनात हसले असणार, पोरगं आहे, शिकार आणि पोरी, दोन महिन्यांत कंटाळेल. फुकेला पण तसंच वाटलं आणि ही त्याची पहिली मोठी चूक. तो राजाला हिशेब दाखवायचा, खर्च फुगवून, उत्पन्न कमी करून, सवयीनं. आणि तेच कागद रात्री कोलबेर तपासून राजाला कुठे काय मारलंय ते समजावून सांगायचा. कोलबेरला फुकेची जागा हवी होती हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझारँच्या साडेतीन कोटींकडे कुणाचं लक्ष जायच्या आत दुसरा कुणीतरी चोर म्हणून उभा करणं गरजेचं होतं, कारण त्या वह्या लिहिणारा हा स्वतःच.

मेच्या सुरुवातीलाच राजाचं ठरलं होतं की फुकेला काढायचा. पार्टी ऑगस्टमध्ये, अटक सप्टेंबरच्या सुरुवातीला. मग मधले चार महिने काय केलं? मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. लुईला नुसतं अटक करून भागणार नव्हतं, रस्ता मोकळा करायचा होता. फुके पार्लमेंटचा सरकारी वकील होता, त्यामुळे त्याच्यावर खटला त्याच पार्लमेंटपुढे चालवावा लागला असता, म्हणजे त्याच्याच दोस्तांपुढे, आणि ते कोर्ट तर दहा वर्षांपूर्वी राजाविरुद्ध उभं राहिलेलं. म्हणून आधी ते पद त्याच्याकडून सोडवायचं. तिथे पदं विकत मिळायची आणि विकता पण यायची हे लक्षात ठेवा. राजानं फुकेशी गोडगोड बोलायला सुरुवात केली, कोलबेरनं कानात सोडलं की राजा तुम्हाला मोठा मान देणार आहे पण कोर्टाचं पद आड येतंय. फुके भुलला. पद 14 लाखांना विकलं, आणि त्यातले 10 लाख राजाला हवेत म्हणून देऊनसुद्धा टाकले! स्वतःचं चिलखत स्वतः उतरवून वर दक्षिणा. दुसरं कारण अगदीच व्यवहाराचं, वर्षाची वसुली हातात यायची होती आणि ती फुकेच्याच माणसांमार्फत यायची, ती आल्याशिवाय त्याला हात लावला असता तर सावकारांनी थैल्या आवळल्या असत्या. आणि तिसरं, राजमाता आन, तिचा फुकेवर लोभ होता, तिला पण हळूहळू वळवलं गेलं.

आता ती पार्टी. पॅरिसपासून साधारण पन्नास किलोमीटरवर व्हो-ल-व्हिकोंत. आर्किटेक्ट लुई ल व्हो, आतली सजावट शार्ल ल ब्रँ, बाग आंद्रे ल नोत्र. हे तिघं एकत्र पहिल्यांदा इथे जमले, पुढे हेच राजाच्या व्हर्सायच्या राजवाड्यावर. 17 ऑगस्ट 1661, उन्हाळ्यातली गरम संध्याकाळ, राजा फोंतेनब्लोहून आला, राजमाता आली, भाऊ आणि त्याची बायको हेन्रिएत आली, राणी गरोदर म्हणून आली नाही. बाग बघितली, कारंजी बघितली, जेवण फ्रान्स्वा व्हाटेलच्या देखरेखीखाली. (हाच तो व्हाटेल, ज्यानं दहा वर्षांनी शाँतिईला राजाच्या जेवणासाठी मासे वेळेवर आले नाहीत म्हणून स्वतःला संपवलं. दरबारी यजमानपण किती जीवघेणं होतं याचा याहून वेगळा पुरावा लागत नाही.) मग झाडांखाली स्टेज, पंधरा दिवसांत लिहून बसवलेलं मोलिएरचं नवीन नाटक, सुरुवातीला शिंपल्यातून एक नटी जलदेवता होऊन बाहेर येते आणि राजाची स्तुती करते. नाटक होतं एकामागून एक पिडणाऱ्या बोअर माणसांवर आणि लुईनं नंतर मोलिएरला सुचवलं की यात शिकारीच्या गोष्टी सांगून पकवणारा एक माणूस पण टाक, आणि मोलिएरनं टाकला सुद्धा. म्हणजे ज्याला आत टाकायचं ठरलंय त्याच्या घरच्या नाटकावर राजा निवांत सूचना देतोय. शेवटी आतषबाजी, घुमटावरून रॉकेटं, आणि गोंधळात राजमातेच्या गाडीचे दोन घोडे बुजून खंदकात गेले.

असं म्हणतात की त्या रात्रीच लुई अटक करायला निघाला होता आणि आईनं आवरलं, ज्याच्या घरचं जेवलास त्याला त्याच्याच घरात धरणार का म्हणून. असेल. राग आला असणार यात शंका नाही, त्या वेळी राजाला स्वतःची चांदीची भांडी लढाईच्या खर्चासाठी वितळवावी लागल्याचे दिवस आठवत असणार. पण रागानं फार तर घाव जरा जोरात पडला, कुऱ्हाड आधीच उचललेली होती.

पुढचा डाव नांतला. ब्रिटनी प्रांताची सभा तिथे भरणार होती, म्हणून राजा, मंत्री सगळे निघाले. ब्रिटनीच का, तर फुकेचं वजन त्या किनाऱ्यावर होतं, 1658 मध्ये त्यानं बेल-ईल नावाचं बेट घेतलेलं, तिथे तटबंदी आणि तोफा. गडबड झालीच तर राजा सैन्यासकट जवळच असावा हा हिशेब. फुकेला तेव्हा हिवतापाची थंडी भरून येत होती तरी तो ल्वार नदीतून होडीनं गेला, मागून दुसऱ्या होडीत कोलबेर आणि युद्धमंत्री ल तेलिए. दोन्ही होड्यांचे नावाडी ईर्ष्येनं वल्हवत होते आणि काठावरून बघणारा एक दरबारी म्हणाला म्हणे, यातली एक नांतला फुटणार.

5 सप्टेंबर 1661, लुईचा तेविसावा वाढदिवस. सकाळी लवकर वाड्यात बैठक, निमित्त शिकारीचं. काम संपलं, बाकीचे उठले, राजानं फुकेला थांबवून घेतलं आणि इकडचं तिकडचं बोलत बसला. हे त्यानं स्वतः त्याच दिवशी आईला पत्रात लिहिलंय, की मी कागद शोधायचं नाटक करत होतो आणि खिडकीतून खाली अंगणात दार्तान्यां (अटक करायला नेमलेला मस्केटिअर, म्हणजे राजाच्या खास पहाऱ्यातला अधिकारी) आला का ते बघत होतो. डोळ्यापुढे आणा जरा, तापानं फणफणलेला 46 वर्षांचा मंत्री उभा आहे, समोर 23 वर्षांचा पोरगा कागद वर खाली करतोय. दार्तान्यां दिसल्यावर म्हणाला, जा आता. आणि एवढं सगळं करून खाली गर्दीत दार्तान्यांचा माणूस चुकला! लोक अर्ज घेऊन फुकेला गराडा घालून उभे, त्यातून तो डोलीत बसून निघून पण गेला. मग मस्केटिअर धावले आणि मोठ्या चर्चच्या चौकात डोली अडवली. हो, हा कादंबऱ्या आणि सिनेमातलाच दार्तान्यां, पण खराखुरा, आणि पुढची तीन वर्षं फुकेवर पहारा द्यायचं काम त्याच्याकडेच आलं, जे त्यानं बऱ्यापैकी सभ्यपणे केलं असं दिसतं.

अर्थखात्याच्या मुख्याचं पदच दहा दिवसांत रद्द. त्या जागी राजाच्या अध्यक्षतेखाली एक समिती, आणि समितीत कोलबेर.

आता खटला, आणि इथे राजाचा अंदाज साफ चुकला. नोव्हेंबर 1661 मध्ये खास न्यायालय नेमलं, न्यायाधीश वेचून घेतलेले, अध्यक्ष चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा मुख्य, सेगिए. आरोप दोन, सरकारी पैसा खाल्ला आणि राजद्रोह केला. राजद्रोहाचा पुरावा म्हणजे फुकेच्या सँ-माँदेच्या घरात आरशामागे सापडलेला एक कागद, फुकेनं 1657-58 मध्ये लिहिलेला, की मला कुणी अटक केली तर दोस्तांनी काय करायचं, कुठले किल्ले धरायचे. मूर्खपणाच होता तो. फुकेचं म्हणणं, हा माझारँच्या भीतीनं लिहिलेला जुना कच्चा कागद आहे, राजाविरुद्ध एक पाऊल पण उचललेलं नाही. आणि मग सेगिएकडे बघून त्यानं ऐकवलं की राजद्रोह कशाला म्हणतात ते सांगतो, राजाच्या सेवेत असताना शत्रूच्या बाजूला जाणं आणि जावयाकडून स्पॅनिश सैन्याला पूल उघडून देणं. सेगिएनं बंडाच्या काळात नेमकं हेच केलं होतं, मांतचा पूल. कोर्टात सगळ्यांना माहीत, सेगिएला खाली बघण्याशिवाय इलाज नव्हता.

पैशाच्या आरोपात तर जास्तच घोळ. जप्तीचे पंचनामे नीट नव्हते, कागद कोलबेरच्या माणसांनी आधीच चाळलेले, याद्यांमध्ये खाडाखोड. फुके आतून लिहून बचाव करत राहिला आणि ते चोरून छापून पॅरिसभर वाटलं जायचं. त्याचा मुद्दा साधा होता, प्रत्येक मोठा व्यवहार माझारँच्या सांगण्यावरून झाला, मग माझारँच्या वह्या आणा. त्या कोण आणणार! चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणणार नाही, फुके संन्यासी नव्हताच, पण दोन चोरांपैकी मेलेल्याला मान आणि जिवंताला फास असा मामला होता.

आपल्याकडे म्हणतात घर फिरलं की वासे फिरतात. इथे उलटं झालं, निदान लेखक मंडळींचं. ला फोंतेननं राजाकडे दयेची याचना करणारी कविता लिहिली, सेक्रेटरी पेलिसों बास्तीयच्या तुरुंगातून मालकाच्या बचावाची पत्रकं लिहीत राहिला, मादाम द सेव्हिन्ये कोर्टातली रोजची खबर पत्रांतून कळवत होती. सुरुवातीला फुकेला दगड मारायला निघालेले लोक तीन वर्षांत त्याच्या बाजूचे झाले, कारण तोवर कोलबेरच्या वसुलीचा चटका बसायला लागला होता. खटला चालू असतानाच मे 1664 मध्ये राजानं व्हर्सायला दिवसचे दिवस मोठा उत्सव केला, त्यातही मोलिएर होताच. आणि नोव्हेंबरमध्ये राणी बाळंतपणानंतर गंभीर आजारी पडली तर फुकेच्या आईनं घरगुती लेप दिला आणि राणीला उतार पडला! पॅरिसला वाटलं आता तरी माफी मिळेल.

न्यायाधीशांपैकी ऑलिव्हिए लफेव्र द'ओर्मेसों हा सगळा पुरावा मांडणाऱ्या दोघांतला एक. कोलबेर त्याच्या वडिलांकडे जाऊन दबाव टाकून आला, त्याच्याकडचं एका प्रांताचं काम काढून घेतलं गेलं. तरी त्यानं मत दिलं हद्दपारीचं, फाशीचं नाही. 20 डिसेंबर 1664 ला निकाल, 13 जण हद्दपारीच्या बाजूनं, 9 जण देहदंडाच्या. ज्या काळात राजा बोले दळ हाले, त्या काळात हाताने निवडलेल्या 22 मधल्या 13 जणांनी राजाला हवं ते दिलं नाही हे मला सगळ्या पार्टीपेक्षा मोठं वाटतं.

लुईनं मग काय केलं? राजाला शिक्षा कमी करायचा अधिकार असतो. त्यानं तो उलटा वापरला, हद्दपारी "बदलून" जन्मठेप केली, कारण एवढी गुपितं पोटात असलेला माणूस देशाबाहेर मोकळा फिरणं परवडणारं नव्हतं. ओर्मेसोंला त्यानंतर कुठलंही मोठं पद मिळालं नाही.

फुकेला आल्प्सकडच्या पिन्येरोलच्या किल्ल्यात पाठवलं. भेट नाही, पत्र नाही, कागद नाही. कोंबडीच्या हाडाची लेखणी आणि काजळी कालवलेली शाई करून तो कपड्यावर लिहायचा, ते पण पकडलं गेलं. 1665 मध्ये दारूच्या कोठारावर वीज पडून निम्मी इमारत उडाली, हा खिडकीच्या कोनाड्यात होता म्हणून वाचला. काही वर्षांनी लोझँ नावाचा सरदार शेजारी कैदेत आला, त्यानं भोक पाडून गाठ घेतली आणि सांगायला लागला की माझं राजाच्या सख्ख्या चुलत बहिणीशी लग्न ठरलं होतं. फुकेला वाटलं कैदेनं याचं डोकं फिरलंय. पण ते खरं होतं, बाहेरचं जग तेवढं बदललेलं.

बाहेर व्होमधले गालिचे, पुतळे आणि कुंड्यांतली संत्र्याची झाडं राजानं उचलून नेली होती, फुकेच्या गालिचाकामाच्या कारखान्यातले कारागीर पॅरिसला राजाच्या गोबलँ कारखान्यात हलवले, ल व्हो, ल ब्रँ, ल नोत्र व्हर्सायला लागले. 1682 मध्ये दरबार कायमचा तिथे गेला. तिथे मोठमोठे सरदार रात्री राजा झोपायला जाताना मेणबत्तीचा स्टँड आज कुणाच्या हातात देणार यासाठी जीव टाकायचे. फुकेचा बेल-ईलसारखा किल्ला आता कुणी बांधणार नव्हतं, सगळे हाताशी, डोळ्यासमोर. कोलबेरनं सावकारांकडून कोट्यवधी दंड वसूल केला, 1664 मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली, आणि 1668 मध्ये त्याच कंपनीची वखार सुरतेला आली, जी सुरत महाराजांनी चारच वर्षांपूर्वी लुटली होती. गंमत म्हणजे कंपनीला भांडवल द्यायला फ्रान्सचे पैसेवाले फारसे तयार नव्हते, वरून दट्ट्या आला तेव्हा भरले. सरकारला पैसे दिले की काय होतं ते त्यांनी नुकतंच बघितलेलं.

फुके 23 मार्च 1680 ला पिन्येरोलमध्येच गेला. कोलबेर 6 सप्टेंबर 1683 ला, म्हणजे नांतच्या त्या सकाळीला 22 वर्षं आणि एक दिवस झाल्यावर. करांमुळे पॅरिसचे लोक त्याच्यावर इतके खवळलेले होते की अंत्ययात्रेवर हल्ला होईल म्हणून त्याला रात्रीच्या अंधारात पहारा लावून पुरला.